हसू नका, चाचा

"अगं बाई, हा तर आपला चाचा," केसरबाई म्हणाली आणि चहाचा कप हातात तसाच धरून फाटकापाशी गेली.

दापोडीच्या गल्लीत प्रचाराची गाडी शिरली होती. गाडीवर मोठा पडदा, पडद्यावर डोक्यावर गठ्ठा घेऊन स्टेशनचा जिना उतरणारा दाढीवाला म्हातारा. अंगणात गादी भरत बसलेल्या मीरासाहेबानं मान वर केली आणि स्वतःलाच पाहिलं. त्या तोंडाभोवती लाल गोल उमटला. मग भोंगा गरजला, "रोज उतरतात. तुमचं पाणी, तुमचं काम, तुमचं घर बळकावतात. बाहेरच्यांना बाहेर काढा, अण्णासाहेबांना निवडून आणा." तेच तीनदा ऐकवून गाडी पुढे गेली.

मीरासाहेब पिंजारी मूळचा सांगोल्याकडचा, पण चौतीस वर्षं दापोडीत गाद्या भरत होता. केसरबाईचं बिऱ्हाड जामखेडहून इथं आलं तेव्हा त्यांची पहिली गादी त्यानंच भरून दिली होती. पण जुनेपणाला विचारतो कोण? एसटीत स्वतः चढून झालं की पायरीवरच्याला "जागा नाही" म्हणून ओरडणारी आपली जात.

पिंजाऱ्याचं काम गिऱ्हाइकाच्या दारात चालतं. कापूस डोळ्यांदेखत भरायचा, म्हणजे आत चिंध्या कोंबल्या अशी शंका राहत नाही. केसरबाईच्या नातीचं, स्वरूपाचं, परवा लग्न होतं. तिच्या दोन गाद्यांपैकी एक शिवून तयार होती, दुसरी अर्धी भरली होती.

"अक्का, कष्टकरी माणसांची जाहिरात हाय, असं सांगितलं हुतं त्या पोरानं," मीरासाहेब म्हणाला. "मीच खुळा. गठ्ठा बरा दिसावा म्हणून उकलून परत बांधला. चार येळा जिना उतरलो."

शूटिंग करताना पोरगा सारखा बजावत होता, हसू नका चाचा. दात पडलेत म्हणून म्हणत असेल, असं त्याला वाटलं होतं.

केसरबाईनं कप त्याच्या हातात न देता कट्ट्यावर ठेवला. एरवी ती दोन वेळा "घ्या की" म्हणायची. मीरासाहेब काम तसंच टाकून कोपऱ्यावरच्या प्रचार कार्यालयात गेला.

ज्यानं शूटिंग केलं होतं तो निरंजन लॅपटॉपवर बसला होता.

"माझं तोंड काढा त्यातनं."

"चाचा, ते तुम्ही नाहीच. तुम्ही आपले. ते तुमच्यासारखे दिसणारे बाहेरचे."

"माझ्यासारखा दिसणारा मीच हाय की."

निरंजनला हसू आलं. "क्लिप पार रावेतपर्यंत फिरलीय, आता काय काढणार? मतदान होईपर्यंत घरात बसा. आणि गठ्ठा घेऊन फिरू नका, लोक तापलेत."

"तापवलं कुणी?"

"ए, वर तोंड करून बोलतो का?" दारातला एकजण उठला आणि त्यानं मीरासाहेबाला दंडाला धरून पायरीखाली आणलं. भिंतीवरून अण्णासाहेब हात जोडून पाहत होते. गेल्या दोन्ही वेळी मीरासाहेबानं याच माणसाला मत दिलं होतं. त्याला स्वतःचाच संताप आला.

तो परत आला तेव्हा केसरबाईच्या फाटकात चार-पाच माणसं उभी होती. केसरबाईचा नातू बंटी चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आला होता. अंगात अजून कंपनीचा शर्ट, हातात ब्लेड. शिवून ठेवलेली गादी त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली होती आणि कोपरापर्यंत हात घालून आत चाचपत होता.

"राग मानू नका चाचा," तो म्हणाला. "सगळे म्हणले, आत काय भरलंय ते बघून घे. बहिणीच्या सासरी जायची वस्तू आहे."

"मग घावलं का काय?"

"नाही. कापूसच आहे."

मीरासाहेब केसरबाईकडे वळला. "अक्का, तुमच्या म्होरं भरली न्हवं मी?"

"व्हय," केसरबाई खाली बघत म्हणाली. "पर पोरं आयकत न्हाईत."

"झालं ते झालं चाचा," बंटी शर्टाला चिकटलेला कापूस झटकत म्हणाला. "आता पटकन टाके घालून टाका. परवा लग्न आहे."

मीरासाहेब खाली बसला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, शिवायलाच बसला. त्यानं अर्ध्या गादीतलं दाभण उपसून घेतलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि खिशात ठेवलं. कापूस झोडायची काठी उचलली.

"टाके तुमच्यातल्या माणसाकडनं घालून घ्या, अक्का," तो म्हणाला. "म्हंजे परत उसवाय नको."

फाटकातल्या माणसांनी वाट दिली. तो गल्लीच्या मधोमध चालत गेला, एकदाही वळला नाही. अंगणात वारं सुटलं होतं. स्वरूपाच्या गादीतला कापूस उडून कट्ट्यावर, चपलांत, गार झालेल्या चहात जाऊन पडत होता आणि केसरबाई वाकून वाकून तो ओच्यात गोळा करत होती.