रामाजीभाऊंच्या विहिरीतली कासवीण

पाच बेडूक, मूठभर मासोळ्या, दोर तुटून बुडालेली एक बादली आणि मी. मित्रांनो, कुरखेड्याजवळच्या रामाजीभाऊंच्या विहिरीत एवढेच काय ते होते. मी एक जुनी कासवीण आहे. पाच वर्षे तिथे काढली, म्हणून ही मोजणी तोंडपाठ आहे.

माझा जन्म बोडीचा. धानाला पाणी देण्यासाठी शेताच्या वरच्या अंगाला जे लहान तळे बांधतात, ती बोडी. १९८१च्या पावसाळ्यात मी पाण्याबरोबर खाली बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरले. तिथे रोवणी करणाऱ्या रामाजीभाऊंच्या पायाला माझी पाठ लागली. कासव असले की विहिरीचे पाणी साफ राहते, अशी आमच्याकडची समजूत. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या विहिरीत पोचले.

मान मात्र मोठा मिळाला. रामाजीभाऊंच्या पत्नी रुखमाबाई रोज वरून भाताची शिते टाकत. पाहुणा आला की रामाजीभाऊ त्याला काठाशी ओढून आणत. "पाहा आमची राणी! पाणी काऊन गोड आहे, समजलं आता?"

राणीला बसायला जागा नव्हती, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. बोडीत मी ओंडक्यावर चढून पाठ तापेपर्यंत ऊन खात असे. विहिरीत ऊन दुपारी क्षणभर डोकावायचे आणि भिंती सरळसोट. गोगलगायी खाणाऱ्या मला शिते गोड लागेनात.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत रामाजीभाऊंची मुलगी कांता चंद्रपूरच्या कॉलेजातून घरी आली. तिने पाणी शेंदले, तर बादलीत मी! तिने अंगठ्याने माझी पाठ दाबली. पाठ आत गेली.

"बाबा, हिची पाठ मऊ पडून राह्यली. ऊन नाई, खाणं नाई. मरून जाईन ही. बोडीत सोडा तिले."

"अन् पाणी खराब झालं त?"

"शेजारच्या भैयाजीकाकाच्या विहिरीत कुठी कासव आहे?"

"म्हणूनच त त्याचं पाणी मचूळ!"

मला अंगणात घमेल्यात ठेवून कांताने दोन्ही विहिरींचे पाणी दोन सारख्या पेल्यांत आणले. "चाखून सांगा, आपलं कोणतं?"

रामाजीभाऊंनी डोळे मिटून दोन्ही चाखले आणि एक पेला उंच धरला. "हे! आपलं पाणी लपते काय?"

ते भैयाजींचे होते. रुखमाबाईंनी तोंडाला पदर लावला. कुंपणापलीकडून भैयाजी ओरडले, "रामाजीभाऊ, रोज येत जा प्यायले! चटई टाकून ठेवतो!"

रामाजीभाऊंनी दोन्ही पेले पुन्हा चाखले. मग मला घमेल्यातून काढून टोपलीत ठेवले. "चाल माय. तुले तुह्या घरी पोहचवतो."

मित्रांनो, हौसेने पाळलेल्या कासवाला पाणी आणि शिते पुरतात, असे तुम्हाला वाटते. उरलेली किंमत आम्ही पाठीच्या हाडांनी भरतो, तीही न ओरडता. आम्हाला खुशाल पाहा. पण जिथे दिसू, तिथेच राहू द्या.

पुढच्या हिवाळ्यात मी बोडीच्या पाळीवर, म्हणजे तिच्या मातीच्या बांधावर, खड्डा करून अंडी घातली. कोल्ह्यांनी ती उकरू नयेत म्हणून रामाजीभाऊंनी वर बोरीच्या काट्या रचल्या आणि पावसाळ्यात स्वतः मोजणी केली. अंडी आठ, पाण्यात उतरलेली पिल्ले सहा.