वेलीला सारं कळतं

उकायाली नदीकाठच्या शिपिबो आदिवासींच्या वस्तीत सकाळपासून झुंबड उडाली होती. नवे वैदू एवारिस्तोबाबा आदल्या दिवशी दृष्टान्त घडवणाऱ्या वेलीचा काढा पाजत आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत माणसाच्या पोटातलं गुपित सांगत.

"एर्लिंदा, जावेचा कोंबडा तूच कापून खाल्लास!"

"अगं बाई! हे मी पाद्र्यालासुद्धा सांगितलं नव्हतं!"

"वेल बोलते, मी नुसता ऐकतो," बाबा डोळे मिटून म्हणाले. "आणि ती म्हणते, क्षयाच्या गोळ्या बंद कर. तिला सवत चालत नाही."

गर्दीनं हात जोडले. एर्लिंदाची भाची निमिया, दवाखान्यातली नर्स, मात्र तिच्याजवळ गेली. चार महिन्यांच्या गोळ्यांनी मावशीचं खोकल्यातून रक्त पडणं आत्ता कुठे थांबलं होतं.

"मावशी, काल काय काय झालं गं?"

"काही आठवत नाही बघ. घशाला मात्र कोरड पडलीय."

मावशीच्या डोळ्यांतल्या बाहुल्या केवढ्या तरी मोठ्या झाल्या होत्या. निमियानं पूर्वी आपल्या आजोबांकडून वेलीचा काढा घेतला होता. त्यानं ओकाऱ्या होत, पण दिसलेलं सगळं आठवत असे. हे काहीतरी वेगळं होतं. बाबांच्या झोपडीमागे पांढरी, लोंबती फुलं तिनं पाहिली. तोए! धोत्र्याच्या नात्यातलं. पोटात गेलं की माणूस बरळतो आणि बरळलेलं विसरतो.

एका चिठ्ठीवर चार शब्द लिहून तिनं ती शिक्षिका अल्सिराबाईंकडे दिली आणि दुपारी काढ्याला बसली. वाटी मात्र झग्याआडच्या फडक्यात ओतली. आजूबाजूला लोक बरळायला लागले. बाबा एकेकाच्या कानाशी वाकून विचारत होते, "काय लपवलंस, बाळा?"

निमियाही जड जिभेनं पुटपुटली, "शाळेची घंटा... मीच नदीत टाकली..."

सकाळी बाबा गरजले, "निमिया! नदीच्या तळाशी शाळेची घंटा रडतेय!"

सगळ्यांनी शाळेकडे पाहिलं. घंटा जागच्या जागी लटकत होती. अल्सिराबाईंनी निमियाची कालची चिठ्ठी मोठ्यानं वाचली: "घंटा बुडवल्याची थाप मारणार आहे."

हशा पिकला.

"वेल कधीकधी थट्टा करते," बाबा चाचरले.

"वेलीनं नाही बाबा, मी केली," निमिया म्हणाली. मग लोकांकडे वळली. "काढ्यात तोए होतं. गुपितं तुम्हीच सांगितलीत, यांनी फक्त ऐकली. आणि कोंबडा कुणी खाल्ला हे कळलं, म्हणजे छातीतला रोग कळला असं होतं का?"

एर्लिंदानं गोळ्यांसाठी हात पुढे केला.

"चमत्कार खुशाल बघा," निमिया गोळ्या देत म्हणाली, "पण हात जोडण्याआधी एवढं विचारा, याला हे कळलं कसं?"