पोर्तोत राहिलेला मफलर

मित्रांनो, विटकरी लोकरीचा, दोन्ही टोकांना गोंडे असलेला मी एक जुना मफलर आहे. सध्या मी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात, एका दारामागच्या खुंटीवर राहतो. जन्म मात्र माझा नागपूरचा, इंदोऱ्यातला. सिंधूताईंनी कोवळ्या उन्हात बसून मला नवऱ्यासाठी विणलं. वामनराव कामठीला यंत्रमागावर कामाला होते. स्वतः दिवसभर कापड विणणारा हा माणूस शेअर ऑटोत अनोळखी लोकांनाही कौतुकानं सांगायचा, "घरचा हाय. आमच्या बाईनं विणला."

बावीस हिवाळे मी त्यांच्या गळ्यात काढले. मग ते निवृत्त झाले आणि मी डांबराच्या गोळ्यांसोबत ट्रंकेत जाऊन पडलो. कुणाला माझी आठवणही राहिली नाही.

त्यांची मुलगी उन्नती हॉटेलचं काम शिकायला पोर्तोला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. तीन वर्षांत ती एकदाही घरी आली नाही. गेल्या डिसेंबरात तिनं आईबाबांना तिकडं बोलावलं. वामनरावांचे गुडघे एवढ्या प्रवासाला तयार नव्हते. त्यांनी ट्रंक उघडली, मला झटकलं आणि सिंधूताईंच्या हाती देत म्हणाले, "थंडी राहते तिकडं. आन् पोरीले विचार, परत कधी येतं म्हणून. फोनवर मी विचारलं की विषयच बदलवते."

पंधरा दिवस सिंधूताई लेकीकडे राहिल्या. प्रश्न रोज ओठांवर यायचा आणि रोज त्या तो गिळायच्या. दोन तारखेला परतीचं विमान होतं. बघता बघता एकतीस डिसेंबर उजाडला.

त्या रात्री उन्नतीला हॉटेलात मेजवानीचं काम होतं. बाराच्या आत चौकात येते, असं सांगून ती गेली. सिंधूताईंच्या सोबतीला शेजारच्या लुर्देसबाई होत्या. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला पोर्तुगीज. दोघी हात धरून निघाल्या.

चौकात मोठ्या घड्याळाखाली माणसांचा समुद्र होता. बारीक पाऊस पडत होता. लुर्देसबाईंनी पुडी सोडून बारा मनुका सिंधूताईंच्या तळहातावर मोजून ठेवल्या. तिकडे रीतच आहे, बाराच्या प्रत्येक ठोक्याला एक मनुका खायची आणि मनात काहीतरी मागायचं.

पण उन्नतीचा पत्ता नव्हता. काळ्या केसांची कुणी मुलगी दिसली की सिंधूताई टाचा उंचावून बघायच्या. ठोके पडले, आकाश लखलखलं, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. सिंधूताई तशाच उभ्या होत्या, मूठ मिटून. लुर्देसबाईंनी फोनमध्ये आपल्या तरुण मुलाचा फोटो दाखवला. "फ्रान्स," एवढंच म्हणाल्या आणि सात बोटं वर केली, सात वर्षं. सिंधूताईंनी त्यांचा खांदा थोपटला. भाषेवाचून दोघींचं सगळं बोलून झालं.

पाऊण वाजता उन्नती धावत आली. अंगावर हॉटेलचा एप्रन तसाच होता.

"काहून वं, इतका उशीर?"

"सुट्टीच नाही दिली, आई."

"बाबा विचारून राहिले, तू परत कधी येतं?"

उन्नती खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता नाही येणार, आई. इथं मले अख्खं किचन सांभाळाले देऊन राहिले. मले हे काम आवडते. बाबाले सांगायची हिंमत नव्हती होत."

गर्दी पांगू लागली होती.

"जेवली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी मूठ उघडली. चिकट झालेल्या मनुका लेकीच्या हातावर ठेवल्या. "हे खाय आधी. बाबाले मी सांगन. रुसतीन चार दिवस, मग समजतीन." आणि गळ्यातून मला काढून तिच्या ओल्या मानेभोवती घट्ट गुंडाळलं.

दोन तारखेला सिंधूताई गेल्या. मी राहिलो.

मित्रांनो, मला इथं काही कमी नाही. उन्नती मला रोज घालते. तरीही इंदोऱ्याचं ते ऊन मला फार आठवतं. ऑटोच्या आवाजावर आवाज चढवून माझं कौतुक करणारा माणूसही आठवतो.

मार्चमध्ये मी दाराच्या कडीत अडकून उसवलो. उन्नतीनं कधी सुई हातात धरली नव्हती. तिनं नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. सिंधूताई एकेक टाका सांगत होत्या. बातमी कळल्यापासून रुसून बसलेले वामनराव मागून म्हणाले, "हळू ओढ वं, बेटा. धागा तुटन." तेव्हापासून दर रविवारी फोन असतो आणि आता बाबाच आधी विचारतात, किचनमध्ये आज काय केलं म्हणून.

म्हणून एवढंच मागणं आहे. घरच्या हातानं विणलेलं काही तुमच्याकडे असेल, तर ते पेटीत कोंडू नका, वापरा. उसवलं तर फेकू नका. ज्यानं विणलं, त्यालाच फोन करून विचारा कसं सांधायचं. तो माणूस त्या फोनची वाट बघत असतो.