अठरा की एकोणीस

इबिनाबोने फोन ठेवला आणि मग तिची नजर संगणकाच्या पडद्यावर गेली. तिथे एकोणीस दिसत होतं.

लागोसच्या मरीना भागातल्या त्या बँकेत ती नवीच होती. दुसऱ्या बँकांशी एका रात्रीपुरत्या पैशांची देवघेव करायची, हे तिचं काम. दर सांगायची रीत अशी, की पूर्णांक बोलायचाच नाही, फक्त त्यापुढचे दशांश सांगायचे. तो सगळ्यांना ठाऊकच असतो. ‘चाळीस-साठ’ म्हटलं की चाळीसला आम्ही घेऊ, साठला देऊ. सकाळपासून पूर्णांक अठरा होता. ती चहा आणायला गेली तेवढ्यात बाजारात पैशांची चणचण झाली आणि दर उसळला. परत येते तोच फोन वाजला. पलीकडे दुसऱ्या बँकेचा तेमितायो, म्हणजे टायो, होता. पडद्याकडे न बघताच ती म्हणाली, “चाळीस-साठ.”

“साठला घेतले. दोनशे कोटी,” म्हणून तो मोकळा झाला.

आता तिने मनातल्या मनात हिशोब केला. दोनशे कोटींवर एक टक्का म्हणजे दोन कोटी नायरा. नोकरी तर जाणारच. पण पोर्ट हार्कोर्टला आईला काय सांगायचं? तिने पुन्हा फोन लावला.

“टायो, मघाशी तू काय धरलंस? अठरा की एकोणीस?”

“अठरा साठ. का गं?”

“बाजार एकोणीसवर गेलाय.”

“ते मला आत्ता कळतंय. पण खरं सांग, तुझ्या मनात काय होतं?”

एकोणीस म्हणून रेटून नेता आलं असतं.

“अठराच,” ती म्हणाली.

“मग झालं तर. सौदा तो सौदा.”

मजल्यावर सगळे ज्यांना ओगा म्हणत, ते साहेब, ओसारेतिन, शेंगदाणे खात बसले होते. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“ओगा, माझ्या हातून बँकेचे दोन कोटी गेले.”

त्यांनी मुठीतले दाणे खाली ठेवले. तिने अडखळत सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, चेहरा दगडासारखा.

“पैसे किती दिवसांसाठी दिलेस?”

“आजच्या रात्रीपुरते.”

“आणि अठरा टक्के कशाचे? रात्रीचे?”

“हो, म्हणजे... एका रात्रीचेच ना?”

“अगं पोरी, दर बोलायचा तो वर्षाचा. पैसे रात्रीचे असोत नाहीतर महिन्याचे. त्या दोन कोटींना तीनशे पासष्टने भाग, आणि मग सांग मला.”

तिने कॅल्क्युलेटर ओढला; दोनदा आकडा चुकला. शेवटी उत्तर आलं: पंचावन्न हजारांच्या आसपास.

रडू येतंय की हसू, तिचं तिलाच कळेना.

“हसू नकोस,” ओगा म्हणाले. “पंचावन्न हजार काय झाडाला लागतात? आणि हेच पैसे वर्षभरासाठी दिले असतेस तर तुझे दोन कोटी खरे झाले असते. तोट्याची नोंद तुझ्या नावावर पडेल. या आठवड्यात फोनला हात लावायचा नाही. माझ्याशेजारी बसून नुसतं ऐकायचं.”

“हो, ओगा.”

“टायोला खरं का सांगितलंस?”

“त्याने विचारलं म्हणून.”

ओगांनी शेंगदाण्यांचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिने दोन दाणे उचलले. तेवढ्यात शेजारचा फोन वाजला आणि तिने पुढे गेलेला हात मागे घेतला.