चार हात दोरी

मे महिन्यात मास्क सरोवरावर माश्या उडायला लागल्या, त्या खायला मोठाले मासे वर यायला लागले की आमच्याकडची शहाणीसुरती माणसंही येड्यासारखी वागतात. कोलमन आणि त्याच्या बहिणीचा नवरा फेस्टी तर मुळातच येडे. पोहता दोघांनाही येत नव्हतं. तरंगायची जाकिटं होती, पण फळी टोचते म्हणून दोघं त्यांच्यावर बसले होते.

कोलमनच्या गळाला बांधलेल्या पिसांच्या खोट्या माशीला ट्राउट मासा लागला तो भलताच मोठा. बराच वेळ त्याने होडी गरगर फिरवली. मग दमला आणि जवळ येऊन कुशीवर कलंडला. त्याचं ते तपकिरी, ठिपक्यांचं अंग पाहून दोघांचे डोळेच फिरले.

"जाळी पाण्यात धरून ठेव. हलवू नकोस, मी आणतो त्याला वर," कोलमन म्हणाला.

"मला शिकव आता! तुझ्या बहिणीशी लग्न केल्यापासून तुमच्या घरचे मासे मीच उचलतोय."

"उभा राहू नकोस, गाढवा!"

फेस्टी उभा राहिलाच. लाट आली, होडी कलली आणि तो जाळीसकट पाण्यात गेला. त्या आवाजाने मासा बिथरला, गळाच्या काठीवरचं रीळ करकरलं आणि जवळजवळ सगळी दोरी घेऊन तो लांब पळाला.

फेस्टी वर आला. बूट पाण्याने भरलेले. "कोलमन!"

"काठ धर! होडीचा काठ धर!" कोलमन ओरडला, आणि रीळ गुंडाळत राहिला. खोटं कशाला बोला, आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. पण फेस्टी हाताच्या अंतरावर होता, आता धरेलच काठ, असं त्याला वाटलं. मासा पुन्हा जवळ येत होता. अजून थोडीच दोरी, मग सोडू. फेस्टी बुडाला, परत वर आला. या खेपेला त्याने हाक मारली नाही, नुसतं कोलमनच्या हातातल्या गळाच्या काठीकडे पाहिलं. तेव्हा कुठे कोलमनने काठी टाकली आणि वल्हं पुढे केलं. ते धरायला कुणी नव्हतं.

"मासा बिथरून पार लांब पळाला," त्याने धक्क्यावर सांगितलं. "मी काठी तेव्हाच फेकली हो! पण तळ्याने नेलाच त्याला." माणसांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

प्रेत संध्याकाळी मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी फेस्टीच्या घरी पुढच्या खोलीत शवपेटी उघडी ठेवली होती, शेजारपाजारचे रिवाजाप्रमाणे चहा-व्हिस्की घेऊन भिंतीकडेने बसले होते. कोलमनची बहीण नोनी पेटीपाशी होती. तेवढ्यात शेजारचा मॅलकी कोलमनची काठी घेऊन दारात आला.

"लव्हाळ्यात सापडली. मासा तसाच आहे गळाला, मेलेला. दहा पौंडांचा तरी असेल, बादलीत..." बायकोने त्याला कोपर मारलं.

नोनीने काठी हातात घेतली. बापाने भाऊ-बहिणीला एकाच होडीत मासेमारी शिकवली होती. काठीच्या टोकापासून जेमतेम चार हात दोरी बाहेर होती, बाकीची रिळावर घट्ट बसली होती.

"मॅलकी, तू गुंडाळलीस?"

"छे गं. मी रिळाला हातही लावला नाही."

"कोलमन, जरा आत ये."

स्वयंपाकघरात तिने दार लावून घेतलं.

"मासा लांब पळाला होता म्हणालास ना?"

"हो."

"मग त्याला परत कुणी ओढलं?"

काहीतरी सांगता आलं असतं. पण बहिणीसमोर खोटं बोलणं त्याला जमेना. तो म्हणाला, "मी."

"फेस्टी पाण्यात असताना."

"मला वाटलं तो काठ धरेल, नोनी. देवाशपथ सांगतो..."

"देवाला मध्ये आणू नकोस." तिने काठी भिंतीला टेकवली. "उद्या पेटीला पुढून तुझा खांदा ठरला होता. तू येऊ नकोस. मी मॅलकीला सांगते."