गुरुवारी रुजू झालेली बॅग

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे, मित्रांनो. विमान चालवणाऱ्या कॅप्टन उज्माची. माझा जन्म अमरावतीला, राजापेठेत, कुर्बानभाईंच्या दुकानात झाला. बाकीच्या बॅगा त्यांनी गिऱ्हाइकांसाठी शिवल्या, मला लेकीसाठी. तिला वैमानिकाची नोकरी लागली होती.

कंपनीनं रुजू व्हायला सोमवार किंवा गुरुवार असे दोन दिवस दिले होते. रविवारी कुर्बानभाईंना माझी मूठ पसंत पडेना. त्यांनी सगळी शिवण उसवली.

"तीन दिवसानं काय फरक पडते, बेटा?" ते म्हणाले. उज्मा थांबली.

फरक पडला. वैमानिकांचा क्रम वयावर किंवा हुशारीवर ठरत नाही, रुजू झाल्याच्या तारखेवर ठरतो. दर महिन्याला प्रत्येक जण आपल्या आवडीच्या फेऱ्या आणि सुट्ट्या मागतो. वरच्यांचं आधी भागतं, उरेल ते खालच्यांना. सोमवारी रुजू झालेले चाळीस जण उज्माच्या वर जाऊन बसले. तिच्या वाट्याला पहाटेच्या फेऱ्या आल्या आणि प्रत्येक ईदला ड्यूटी. "यंदाबी नाही का?" असं तिची आई हमिदा फोनवर विचारायची, तेव्हा मला माझ्या मुठीची लाज वाटायची. उज्मानं खरं कारण घरी कधीच सांगितलं नाही.

मी मात्र मान मिळवला. जाडजूड पुस्तकं आणि नकाशे पोटात घेऊन गावोगाव उडाले. इतर वैमानिक विचारायचे, ही कुठून आणली? "राजापेठ," असं ती विलायतेतलं शहर सांगावं तशी सांगायची. पुढे सगळी पुस्तकं एका टॅबलेटात मावली. मी कपाटावर गेले. पावसाळ्यात मला बुरशी चढली.

वरचे लोक निवृत्त झाले किंवा मोठ्या विमानांवर गेले, तशी उज्मा वर सरकत गेली. तिच्या खांद्यावर कॅप्टनचे चार पट्टे आले. एक दिवस मोठ्या विमानावर जाण्याची संधी आली. तिची मैत्रीण आचल सोमवारी रुजू झालेली. ती केव्हाच तिकडे गेली होती. "आता तरी ये," ती म्हणाली. पण मोठ्या विमानाच्या कॅप्टनांत उज्मा पुन्हा शेवटची ठरणार होती. छोट्या, पंख्याच्या विमानावर ती आता यादीत पहिली होती. आणि तेच छोटं विमान आता अमरावतीला जाऊ लागलं होतं.

ती छोट्यावरच राहिली. आचलनं तिला वेड्यात काढलं.

ईदचा महिना आला. सुट्टी मागितली असती तर पहिल्यांदाच हमखास मिळाली असती. उज्मानं ड्यूटी मागितली, ईदच्या दिवसाची, मुंबई-अमरावती-मुंबई. ती मिळाली. तिनं मला खाली उतरवलं, पुसलं, तेल लावलं.

अमरावतीहून परतीच्या फेरीला नमाज उरकून आलेले कुर्बानभाई हमिदाबींबरोबर पहिल्या रांगेत बसले होते. सीटच्या कव्हरावरून त्यांनी अंगठा फिरवला. "शिलाई कच्ची हाये," ते पुटपुटले. दार बंद होण्याआधी उज्मा मला घेऊन त्यांच्याजवळ आली. त्यांनी माझी मूठ धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"तुह्या मैत्रिणीनं मले सांगतलं होतं," ते म्हणाले. "माह्या तीन दिवसापायी तू मागं रायली."

"मागं कुठं, अब्बा? आज या इमानाची यादी माह्यापासून सुरू होते."

मग आम्ही उडालो. खाली काळी शेतं लहान होत गेली. कॅप्टननं प्रवाशांना ईद मुबारक म्हटलं आणि आपल्या वडिलांचं नाव सांगितलं. सगळं विमान टाळ्या वाजवत होतं. मी कॉकपिटच्या बंद दाराआड होते, तरी मला ऐकू आलं.

कुर्बानभाई आता नाहीत. माझ्या मुठीचा एक टाकाही सुटलेला नाही. मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी हातानं काही केलं असेल, तर ते जपायचं म्हणून कपाटावर ठेवू नका. चामडं वापरात असलं की टिकतं. उज्माला माझी आता गरज नाही. ती मला रोज नेते.