चौदा रात्री

माझं डोकं फिरलंय, आणि ते फिरायलाच हवं. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या सोसायटीत खाली एक फळा आहे. त्यावर पाण्याच्या वेळा असतात, आणि त्यांच्याखाली मी रोज सकाळी खडूने एक जुनाट इंग्रजी शब्द लिहायचे. त्याचा अर्थ, आणि तो आला कुठून. स्पिन्स्टर म्हणजे आधी नुसती सूत कातणारी बाई, बिनलग्नाची ती नंतर झाली. गुजराती शेजारी थांबून विचारायचे, "मनोरमाबेन, आज का वर्ड क्या है?" बरं वाटायचं.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी चौथ्या मजल्यावर अडकले. समोरची शुभदा, सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची, म्हणाली, मी लिहीन. रोज संध्याकाळी चहाला यायची, शब्द घेऊन जायची. मी भोळी, खाली माझंच नाव लिहीत असेल असं धरून चालले.

त्याच चहावर तिला फॉर्टनाइट सांगितला. आपला पंधरवडा पंधरा दिवसांचा, इंग्रजांचा चौदा रात्रींचा. जुने लोक रात्री मोजायचे. माझे यजमान आत्माराम दर महिन्याला कंपनीच्या कामाला पंधरवडाभर कांडल्याला असायचे. निघताना म्हणायचे, "दिवस आपोआप जातात गं, मोजाव्या लागतात त्या रात्रीच." ते वारल्यापासून हे वाक्य मी पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. हिला सांगितलं.

सव्वीस जानेवारीला सोसायटीचा सत्यनारायण. वॉकर धरून कशीबशी उतरले. नव्या सेक्रेटरीने जाहीर केलं, फळ्यावरच्या शब्दांसाठी शुभदाताईंचा सत्कार. मला वाटलं, आता सांगेल. कसलं काय! शाल घेतली, माइक धरला आणि फॉर्टनाइट सांगितला. वर म्हणते, "आमचे हे नेहमी म्हणतात, मोजाव्या लागतात त्या रात्रीच." तिचे हे, जन्मात घराबाहेर रात्र न काढलेले, पुढच्या खुर्चीत टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी वाटीत प्रसाद घेऊन आली. गडबडीत तुझं नाव राहिलं गं, मनावर घेऊ नको, म्हणाली. आणि उद्याचा शब्द विचारला. काय म्हणावं या बाईला!

मी चहा टाकला नाही. म्हटलं, "शब्द कुणाच्या बापाचे नसतात, सगळे ने. शालही ठेव. पण तुझा नवरा रोज तुझ्या शेजारी झोपतो, शुभदा. माझ्या रात्री कशाला नेल्यास?"

ती खाली मान घालून गेली. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नसते, चिमूटभर साखर तरी घालायची, असं आमच्या आईने शिकवलेलं. मी ती घासली, पुसली, आणि रिकामीच तिच्या दारात ठेवली.